शेजाऱ्याची रायफल

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



अमेरिकेहून कोणी परत आलं की त्याला कट्ट्यावर बोलायला उभं करायचं, ही आपल्या सोसायटीची जुनी पद्धत आहे. माझी पाळी आली तेव्हा मी आठवून पाहिलं. नायगारा आतापर्यंत सात जणांनी सांगितला आहे, त्यातल्या दोघांनी तर फोटोंसकट. तेव्हा आज नायगारा नाही. आज मी तुम्हाला एका लिलावाची हकीकत सांगणार आहे. लिलाव हा माझ्या नोकरीतला विषय, त्यामुळे त्यावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी समजतो. लिलावात घेतलेली वस्तू मात्र अशी आहे की ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील. जाऊ देत. माझ्याही गेल्या होत्या.

आमची लेक आणि जावई पेनसिल्व्हानिया राज्यात राहतात. हॅरिसबर्ग ही त्या राज्याची राजधानी, तिथून गाडीने साधारण तासाभरावर त्यांचं गाव आहे. गाव म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं नव्हे. दोन घरांच्या मध्ये भलंमोठं रान, मागे मक्याची शेतं आणि त्यापलीकडे जंगल. संध्याकाळी हरणं अंगणात येतात आणि लेकीने हौसेने लावलेली झाडं खाऊन जातात. पहिल्या दिवशी मी "अगं बघ, हरीण!" म्हणून सगळ्या घराला गोळा केलं. पंधराव्या दिवशी मीच काठी घेऊन त्यांच्या मागे धावत होतो.

या हरणांची कथा ऐकण्यासारखी आहे. १९०० च्या सुमारास त्या राज्यात बेसुमार शिकारीने हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ साली त्यांनी वन्यप्राण्यांसाठी स्वतंत्र सरकारी आयोग नेमला आणि १९०६ पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून जंगलात सोडली. आता उलटी तऱ्हा झाली आहे. लांडगे केव्हाच नाहीसे झाले, त्यामुळे हरणं इतकी वाढली की धावत्या गाडीवर हरीण आदळणं ही तिथे नित्याची गोष्ट आहे. म्हणून दरवर्षी परवाने देऊन, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या संख्येत शिकार करू देतात. रायफलने हरीण मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर सुरू होतो. पूर्वी तो सणानंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी पुष्कळ शाळांना चक्क सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत मुलं शाळेत यायची नाहीत, तसाच प्रकार.

जावयांच्या शेजारी एक आजोबा राहायचे. नव्वदीला टेकलेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी अ‍ॅरिझोनात, मुलगा आणखी कुठे लांब. हे दोघं नवीन घरात राहायला गेले तो पहिला हिवाळा. एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडलं. सकाळी जावई फावडं घेऊन बाहेर आले, तर हे आजोबा ट्रॅक्टर घेऊन आधीच हजर. यांच्या दारापासून रस्त्यापर्यंतचं सगळं बर्फ त्यांनी बाजूला करून दिलं आणि चहा-कॉफी काही न घेता निघून गेले. तिथून जी ओळख झाली ती शेवटपर्यंत.

जावई मूळचे सांगलीकडचे. बंदूक त्यांनी आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. आजोबांनी त्यांना जंगलात नेलं. आधी सुरक्षिततेचा वर्ग करायला लावला, कारण तिथे पहिल्यांदा शिकारीचा परवाना घेणाऱ्याला तो सक्तीचा आहे. मग नारंगी टोपी, नारंगी जाकीट (ते अंगावर नसेल तर दंड होतो) आणि पहाटेच्या अंधारात झाडाखाली तास न् तास गप्प बसणं. जावई म्हणतात, "बाबा, पहिली तीन वर्षं मी फक्त गप्प बसायला शिकलो." लेकीचं मत असं, की घरी त्याचा काही उपयोग दिसला नाही.

आजोबा स्वतः एक जुनी विंचेस्टर वापरत आणि जावयांना घरातली दुसरी रायफल देत. शेवटची दोन वर्षं त्यांना टेकडी चढवेना. तेव्हा म्हणाले, आता तू माझी घेऊन जा. हंगाम संपला की रायफल परत आजोबांच्या कपाटात. जावयांच्या स्वतःच्या घरात बंदूक कधीच नव्हती, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचाच प्रश्न झाला.

२०२२ च्या वसंतात आजोबा गेले. मुलांना त्या गावी परत यायचं नव्हतं. तिकडे अशा वेळी घर, जमीन, ट्रॅक्टर, भांडीकुंडी, सगळ्याचा एकत्र लिलाव करतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. लिलाव ऑक्टोबरमध्ये लागला, तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. छापील यादी घरी आली. एकशे चाळिसाव्या नंबरच्या आसपास ती रायफल होती. जावयांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला.

लेक म्हणाली, "नाही."

तिच्या नाहीला कारण होतं. ती तिकडे हॉस्पिटलात काम करते. घरातली बंदूक लहान मुलाच्या हाती लागली की काय होतं, ते तिने पेपरात वाचलेलं नाही, समोर पाहिलेलं आहे. आमचा नातू तेव्हा अकरा वर्षांचा. त्या वयाचा मुलगा घरात असताना कपाटात काय लपवाल आणि किती दिवस? जावयांचं म्हणणं, आजोबांची वस्तू कोणा व्यापाऱ्याच्या दुकानात टांगलेली मला बघवणार नाही. दोघांचंही खरं होतं. तीन दिवस घरात जेवणाच्या वेळी फक्त भांड्यांचा आवाज. नातू बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघायचा. आमच्या सौ.नी मला बजावलं होतं, की मुलांच्या संसारात बोलायचं नाही. मी बोललो नाही.

चौथ्या दिवशी लेकीनेच जावयांना विचारलं, "ही नाही मिळाली तर दुसरी घेशील?"

ते म्हणाले, "नाही. दुसरी घेऊन काय करू?"

यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही कर्ज मंजूर करताना अटी घालायचात ना? घाला."

तेव्हा मी कागद घेतला आणि लिहायला बसलो. रायफल घरात येण्याआधी लोखंडी तिजोरी आली पाहिजे आणि ती तळघरातल्या भिंतीला बोल्टने आवळलेली पाहिजे. काडतुसं त्या तिजोरीत नाहीत, वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली लेकीकडे. म्हणजे एकट्या कोणालाच दोन्ही गोष्टी एकत्र काढता येणार नाहीत. बँकेतल्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, त्यातलंच हे. नातवाला सगळं उघडपणे सांगायचं, दाखवायचं, लपवाछपवी नाही. त्याच्या मित्रांपुढे मात्र त्या विषयाची वाच्यता नाही. सर्व खर्च धरून नऊशे डॉलरच्या वर जायचं नाही. आणि शेवटची अट लेकीने स्वतः सांगितली, ती मी तिच्याच शब्दांत लिहिली: ज्या दिवशी मी म्हणेन त्या दिवशी ती वाद न घालता घराबाहेर जाईल. दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून मी केली. तो कागद तिथे फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे.

आता रायफलीबद्दल. ज्यांना यात रस नसेल त्यांनी पाच मिनिटं डुलकी घेतली तरी हरकत नाही.

विंचेस्टर कंपनीचं हे मॉडेल १८९४ सालचं, म्हणून त्याचं नावच चौऱ्याण्णव. जॉन ब्राऊनिंग नावाच्या कारागिराने त्याची रचना केली. चापाभोवती जी कडी असते ती खाली ओढून परत वर घ्यायची, की आधीचं रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत बसतं. जुन्या काउबॉय सिनेमांत घोड्यावरचे लोक खाड् खाड् करत जे वापरताना दिसतात, त्याच घराण्यातली ही वस्तू. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन या गावी २००६ पर्यंत ही बनत होती आणि सत्तर लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे जुनी असली तरी दुर्मिळ म्हणता येत नाही. शौकीन मंडळी १९६४ च्या आधीची बघतात, कारण त्या साली कंपनीने खर्च वाचवायला बनवण्याची पद्धत बदलली. भावात तेव्हापासून जी दरी पडली ती आजही आहे.

लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला ठेवतात. आम्ही गेलो. आत जाण्यापूर्वी जावई मला म्हणाले, "बाबा, तुम्ही फक्त बघा. हात लावू नका." मला वाटलं, सासऱ्याची चेष्टा. तसं नव्हतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही, असा तिथला कायदा आहे. शिकारीचा परवाना काढलेला असेल तर अपवाद. नुसतं उचलून पाहणं त्यात येतं की नाही यावर वकील वाद घालतील, आपण कशाला? मी हात पाठीमागे बांधून देवळातल्यासारखा उभा राहिलो.

कुठलीही जुनी रायफल घेताना काय पाहायचं, ते मात्र तिथे शिकलो. आधी ती रिकामी आहे याची खात्री, तीही स्वतः केलेली, दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर नाही. मग नळीत मागून उजेड सोडून आतून पाहायचं. रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेले असतात, त्यामुळे गोळी गरगरत जाते आणि सरळ जाते. ते पीळ धारदार दिसले पाहिजेत, गंजाचे खड्डे असू नयेत. लाकडी दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे चीर गेली आहे का, ते पाहायचं. घोडा अर्धा मागे घेतला की तिथे घट्ट अडकून राहतो का, हे फार महत्त्वाचं, कारण त्या काळच्या या मॉडेलला सुरक्षिततेचं वेगळं बटण नाही. ही अर्धी अटक हीच त्याची सुरक्षितता. आणि क्रमांक. तो पुढच्या बाजूला खालून कोरलेला असतो. या रायफलीचा क्रमांक पंधरा लाखांच्या जरासा पुढचा होता. पंधरा लाखावी विंचेस्टर चौऱ्याण्णव १९४८ साली अध्यक्ष ट्रूमन यांना भेट दिली होती, म्हणजे ही साधारण त्याच वर्षाची. आजोबा तेव्हा शाळेत असणार. पहिली रायफल वडिलांनी दिली असं ते सांगायचे, ते जुळत होतं.

तिथे एक व्यापारी होता. डोळ्याला भिंग लावून एकेक रायफल बघत होता. आजोबांच्या रायफलीशी आला, बाजूच्या पोलादावर बोट फिरवलं, चेहरा वाकडा केला आणि वहीत काहीतरी लिहिलं. जावयांनी मला हळूच दाखवलं. तिथे दोन बारीक भोकं होती आणि त्यात नेम धरायची एक छोटी चकती स्क्रूने बसवलेली होती. या मॉडेलमध्ये रिकामं काडतूस वरच्या बाजूला उडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसवणं कठीण. म्हातारपणी नजर अधू झाली तेव्हा आजोबांनी ही भोकं पाडून ती चकती लावून घेतली होती. शिवाय दस्त्यावर चाकूने कोरलेली त्यांची आद्याक्षरं. संग्राहकाच्या हिशेबी अशी वस्तू बिघडली. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच ती हवी, वापरलेली नको! जावयांना ती याच दोन गोष्टींमुळे हवी होती. त्या चकतीतून नेम धरायला आजोबांनीच त्यांना शिकवलं होतं.

हे पाहताना मला आमच्या शाखेतले सोन्याचे लिलाव आठवले. तारण दागिने सुटले नाहीत की नोटीस, मग पेपरात जाहिरात, मग मूल्यांकन करणारे सराफ यायचे. मंगळसूत्राच्या वाट्या असोत नाहीतर बारशाचं वाळं, सराफ घट धरून सोन्याचं वजन सांगणार. आत कोरलेलं नाव वजनात धरत नाहीत. लिलावात जादा आलेली रक्कम कर्जदाराला परत करावी लागते, ती घ्यायला माणसं यायची. पैसे मोजून घेऊन झाले तरी काउंटरपाशी उभी राहायची. काय विचारायचं असायचं ते आम्हाला कळत असे, आणि विकत कोणी घेतलं ते सांगायची आम्हाला मुभा नसे. असो.

लिलावाच्या दिवशी मैदानात मोठा तंबू. बाहेर आमिश लोकांच्या घोडागाड्या बांधलेल्या. हे लोक मोटार बाळगत नाहीत, पण लिलावात भाव करताना त्यांचा हात कोणी धरणार नाही. एका कोपऱ्यात बायका चिकन आणि मक्याच्या दाण्यांचं सूप विकत होत्या. मी शाकाहारी, मी सफरचंदाच्या पायवर भागवलं. जावयांनी लायसन्स दाखवून नाव नोंदवलं, त्यांना नंबराचं पुठ्ठ्याचं कार्ड मिळालं.

लिलाव पुकारणारा माणूस जे बोलतो ते पहिली पंधरा मिनिटं मला इंग्रजी वाटेचना. आपल्या पूर्वीच्या आडत बाजारातल्या पुकाऱ्याला मागे टाकील असा वेग. आपल्याकडे खालून सुरुवात करतात, हा वरून करतो. हजार? कोणी नाही. आठशे? पाचशे? तीनशेला कोणीतरी कार्ड हलवतं आणि तिथून गाडी परत वर चढायला लागते. एकवार, दोनवार काही नाही. थांबला की थांबला.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण आपल्याकडेही आता लिलावगृहं झाली आहेत. पुकारलेला भाव म्हणजे द्यायची रक्कम नव्हे. त्यावर लिलावगृहाची वर्तावळ, तिथे ती पंधरा टक्के होती, आणि त्या बेरजेवर पेनसिल्व्हानियाचा सहा टक्के विक्रीकर. माणूस उत्साहात सातशे पन्नासला कार्ड वर करतो आणि खिडकीवर गेल्यावर नऊशे चौदा डॉलर भरतो. मी आदल्या रात्री उलटा हिशेब मांडून ठेवला होता. पंचवीसच्या टप्प्याने भाव चढतो हे गृहीत धरलं तर नऊशेच्या आत बसायला सातशे पंचवीस ही शेवटची पायरी. तो आकडा जावयांच्या कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिला होता.

तीनशेला सुरुवात झाली. चारशेपर्यंत चार-पाच जण होते. पाचशेला एक तरुण मुलगा आणि भिंगवाला व्यापारी उरले. जावई अजून गप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते समोर बघत होते. जंगलातलं गप्प बसणं इथे कामी येत होतं म्हणायचं! सहाशेला तो मुलगा गळला. व्यापारी सहाशे पंचवीस म्हणाला, तेव्हा यांनी पहिल्यांदा कार्ड वर केलं. सहाशे पन्नास. व्यापारी सहाशे पंच्याहत्तर. जावई सातशे. पुकारणारा व्यापाऱ्याकडे वळला. सातशे पंचवीस विचारतोय. त्याने सातशे पंचवीस म्हटलं असतं तर आमची शिडी तिथेच संपली होती, कारण ती पायरी त्याच्या पायाखाली गेली असती. मी बँकेत लाखालाखांच्या बोली पाहिल्या आहेत. त्या दिवसासारखे तळहात मला कधी घामेजले नाहीत. व्यापाऱ्याने वही उघडून पाहिली आणि मान हलवली. त्या दोन भोकांनी वाचवलं.

एकूण आठशे त्रेपन्न डॉलर आणि तीस सेंट झाले. तेव्हाच्या भावाने आपले सत्तर हजार रुपये म्हणा.

पैसे भरले म्हणजे वस्तू मिळाली असं नाही. लिलावगृहाकडे बंदूक विकण्याचा केंद्र सरकारचा परवाना होता. तिथल्या टेबलावर एक फॉर्म भरावा लागतो, नंबर ४४७३. त्यातला एक प्रश्न मला फार आवडला: या बंदुकीचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात काय? दुसऱ्याच्या वतीने, त्याचं नाव लपवून घेणं हा तिथे मोठा गुन्हा आहे. आपण ज्याला बेनामी म्हणतो तेच. पुढचे प्रश्न, गंभीर गुन्ह्याचा खटला चालू आहे का, अमली पदार्थ घेता का, घरातल्या माणसाला त्रास दिला म्हणून कोर्टाचा मनाई हुकूम आहे का. सगळ्यांना हो किंवा नाही लिहून खाली सही. मग राज्य पोलिसांच्या यंत्रणेत नाव तपासलं जातं. आमचं काम अर्ध्या तासात झालं. हा फॉर्म विक्रेत्याने पूर्वी वीस वर्षं जपून ठेवायचा, आता धंदा चालू असेपर्यंत फाडायचाच नाही असा नियम त्याच वर्षी आला. माझ्यातला बँकवाला सुखावला.

पण याच टेबलावरची गंमत ऐका. शेजारी आणखी एक तशीच जुनी रायफल होती, त्याच कंपनीची पण आधीच्या मॉडेलची. ती कोणी घेतली त्याला हा फॉर्म भरावाच लागला नाही. कारण १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्राच्या कायद्यात पुराणवस्तू ठरते. तीही गोळी झाडते, तीही माणूस मारते. वर्षाचा फरक, बाकी काही नाही. मला हे पटलेलं नाही. कायदा करणाऱ्यांनी कुठेतरी रेघ ओढायची म्हणून ओढली असणार.

आम्ही बाहेर पडत होतो, तेव्हा एक बाई गर्दीतून वाट काढत आली. आजोबांची मुलगी. ती दोन दिवसांसाठी अ‍ॅरिझोनाहून आली होती. तिने जावयांना ओळखलं आणि विचारलं, ती तुम्ही घेतलीत? हो म्हटल्यावर तिने पर्समधून एक पत्र्याची डबी काढून त्यांच्या हातात दिली. पूर्वी तिकडे शिकारीचा परवाना पाठीवर लावून जंगलात जावं लागे, लांबून दिसावा म्हणून. आजोबांनी आपले वर्षावर्षाचे परवाने त्या डबीत ठेवले होते. ती म्हणाली, मी हे यादीत घातलं नव्हतं, कोणाला द्यायचं ते ठरत नव्हतं. जावयांना बोलता येईना. माझ्या लेकीने, जिने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, त्या बाईला मिठी मारली.

तिजोरी आधीच बसली होती. रायफल तिथे गेली. नोव्हेंबरच्या त्या शनिवारी जावई पहाटे चारला निघाले आणि संध्याकाळी हात हलवत परत आले. पुढच्या आठवड्यात एक हरीण मिळालं. तिकडे अशा मांसातला वाटा गरिबांच्या अन्नछत्राला द्यायची सोय आहे, त्यांनी अर्धं तिथे दिलं. उरलेलं घरात शिजलं त्या दिवशी आम्ही दोघं पिठलं-भात करून घेतला. तक्रार नाही.

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, की हे इथे करता येईल का? शिकार तर नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपला. बंदुकीचं म्हणाल तर आपल्याकडे उलटा क्रम आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आधी माणसाला परवाना, मग बंदूक. एका माणसाला पूर्वी तीन बाळगता येत, २०१९ च्या दुरुस्तीने आता दोनच. परवाना नसलेल्याने लिलावात पुढे जायचं कारण नाही.

पण मला बोलायचं आहे ते खरेदीबद्दल नाही, घरात आधीच असलेल्या बंदुकीबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं गावाकडे आहेत. माझ्या काकांकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भाताची नासाडी करत, म्हणून तिचा परवाना. दर निवडणुकीला पोलीस पाटील निरोप आणायचा आणि काका ती खांद्यावर टाकून चौकीत जमा करून यायचे. काका गेले तेव्हा ती माळ्यावर होती, आणि तेराव्यानंतर चुलत भाऊ म्हणाला, राहू दे, आठवण म्हणून. मी त्याला दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसवून घेऊन गेलो. परवानाधारक गेला की त्याचा परवाना त्याच्याबरोबर गेला. वारसाने विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि ठेवायची असेल तर स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. आठवण म्हणून माळ्यावर ठेवली तर तो गुन्हा होतो, मग वारस कितीही सज्जन असो.

२०१६ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे, आणि ती नेमकी आपल्या वयाच्या लोकांसाठी आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. म्हणजे मुलांना नंतर धावपळ करायला लावायची गरज नाही. मुलाला नको असेल तर तेही आताच कळतं. आमच्या चुलत भावाला नको होती, हे जमा केल्यावर दोन महिन्यांनी त्यानेच सांगितलं. त्या पावतीची प्रत अजून माझ्या फायलीत आहे.

सोसायटीत कोणाच्या घरी किंवा गावच्या घरी असा विषय असेल तर कट्टा संपल्यावर मला भेटा. नियमांच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत, सध्या दहाच आहेत, कमी पडल्या तर वॉचमनच्या केबिनमध्ये एक प्रत ठेवून देईन. आणि कोणाला विंचेस्टरचा फोटो बघायचा असेल तर तो माझ्या मोबाईलमध्ये आहे, पण तो मला शोधून द्यावा लागेल.